नाणेमहाराजांच्या तीन फेऱ्या

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. धावणारे, उड्या मारणारे, त्यांचे आईबाप आणि आयुष्यात कधी बससाठीही न पळालेले हौशी, सगळे सकाळच्या गारठ्यात नाणेमहाराजांभोवती दाटले होते. देशाच्या क्रीडापरंपरेचा गौरव म्हणून सरकारने सोन्याची नाणी काढली होती. त्यातलं धावपटूचं नाणं महाराजांनी मिळवलं होतं. नाणं मात्र अस्सल, टांकसाळीच्या प्रमाणपत्रासकट. थापा तेवढ्या घरच्या होत्या.

"सोनं विसरत नाही," मखमली डबी उघडत महाराज म्हणाले. पूर्वी ते खेळाचे बूट विकायचे. जिभेला सराव तेव्हापासूनचा. "शंभर वर्षांची धाव मुरलीय यात. रात्रंदिवस जागं असतं हे. फक्त थंड अंगाने या. उसना घाम याला चालत नाही."

मावशी पायरीवर बसली, उठली, पुन्हा बसली. ती फिजिओथेरपिस्ट. तिच्या भाचीची टाचेमागची शीर सुजली होती आणि दीड महिना पळायचं नाही, असं मावशीनेच बजावलं होतं. उद्या निवड चाचणी होती, आणि भाची रांगेत उभी होती.

"ताई, तू तरी आवर तिला," ती शेजारी उभ्या बहिणीला, भाचीच्या आईला, म्हणाली. " शीर तुटली तर पळणं विसरावं लागेल. सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेतं का?"

"काल नाण्यानंतर तिचं दुखणं थांबलं," बहीण म्हणाली. "तुझ्या व्यायामाने ते झालं नव्हतं. मी कोणाचं ऐकू?"

भाची खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, आणि हेच मावशीला डाचत होतं.

आधी उंच उडीवाल्याचा नंबर लागला. त्याने थंड अंगाने वाकून पाहिलं. बोटं जेमतेम घोट्यापर्यंत पोचली. मग नाणं मुठीत धरून मैदानाला तीन संथ फेऱ्या. परत येऊन वाकला, तर तळवे जमिनीला टेकले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मावशी ताडकन उठली. ज्या पोरांचा एक दिवस अंग तापवल्याशिवाय जात नाही, ती याच्या शब्दावर गारठून येत होती, आणि तोच सराव नाण्याच्या नावाने करून थक्क होत होती!

भाचीचा नंबर आला तशी मावशी पुढे घुसली. "महाराज, हिला फेऱ्यांआधीच नाणं द्या. लगेच टाच उचलून बघू दे."

"बाई, नाण्याला जागं व्हायला वेळ लागतो."

"रात्रंदिवस जागं असतं म्हणालात ना? डोळा कधी लागला?"

लोक हसले. भाचीचे कान लाल झाले. "मावशी, तमाशा नको करूस."

"एवढं एकदा कर. मी चुकले तर उद्या मीच तुला मैदानावर आणून सोडते."

भाचीने नाणं घट्ट धरलं, दुखऱ्या पायावर उभी राहिली आणि टाच उचलताच कळवळली. मावशीने नाणं महाराजांच्या हातात दिलं आणि तिला तशाच तीन संथ फेऱ्या मारायला सांगितलं. भाची रिकाम्या हाताने फेऱ्या मारू लागली आणि मावशी जागच्या जागी येरझारा घालू लागली. भाची परतली. टाच हळूच वर गेली.

"कमी दुखतंय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"पाहिलंत? प्रभाव मैदानभर पसरलाय," महाराज म्हणाले.

"मग मघाशी तिच्या मुठीत होतं तेव्हा कुठे गेला होता?" उंच उडीवाल्याने विचारलं. महाराजांनी डबी मिटली.

"मावशी, म्हणजे शीर अजून तशीच आहे?"

"तशीच. अंग तापलं की कळ थोडा वेळ गप्प बसते, इतकंच. उद्या भरधाव सुटलीस तर तुटेल." मग ती गर्दीकडे वळली. "तुम्हाला बरं वाटलं, ते खोटं नाही. पण कशामुळे वाटलं, ते तपासा. कोणी म्हणालं नाण्यामुळे, तर नाणं बाजूला ठेवून तेच पुन्हा करून बघा. एवढं करायला कोणाची परवानगी लागत नाही."

भाची गवतावर बसून बुटाची नाडी सोडू लागली. "उद्या माझ्या जागी दुसरी कोणीतरी पळेल," ती हुंदके देत म्हणाली.

"पळेल," मावशी म्हणाली. तिला खोटं समाधान द्यायचं नव्हतं. "पण पुढच्या वर्षी तुला पळता येईल."

आई लेकीजवळ बसली आणि तिचा दुसरा बूट काढू लागली.