चिठ्ठीतली निष्ठा

दोन हजार तीन साल. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या वसतिगृहात रविवारी दुपारी ज्ञानूच्या खोलीत राज्य चालायचं. किल्ले, मांत्रिक, राक्षस, सगळे वहीत. ज्ञानू गोष्ट सांगायचा, बाकीचे एकेक वीर होऊन फासे टाकायचे. खेळ सुरू होताना प्रत्येकानं आपल्या वीराची खरी निष्ठा, राजाशी की बंडखोरांशी, चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकायची. डबा शेवटीच उघडायचा.

हुपरीच्या अनेकांतचा वीर बंडखोरांत राहायचा, पण चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं, ‘राजा’. म्हणजे वेळ आली की बंडखोरांच्या किल्ल्याचा दरवाजा त्यानं आतून उघडायचा. त्या किल्ल्याचा सरदार होता प्रसेनजीत, गडहिंग्लजचा, अनेकांतचा खोलीतला जोडीदार.

त्याच आठवड्यात दुसऱ्या डब्यातही चिठ्ठ्या पडल्या. मेस सेक्रेटरीची निवडणूक. पद एवढंसं, राजकारण मात्र विधानसभेचं. प्रसेनजीत उभा होता, अनेकांतनं त्याला शब्द दिला होता. मतदानाच्या आदल्या दिवशी विरोधात उभ्या असलेल्या संग्रामनं अनेकांतला बाजूला घेतलं. “निवडून आलो की तुझ्यासाठी बिनकांदा-लसणाचं येगळं पातेलं. बघ बाबा.” जैन घरातला, वर्षभर दही-चपातीवर काढलेला गडी, मत जिभेनंच दिलं, संग्रामला. प्रसेनजीत एका मतानं पडला.

“कुणी दगा दिला कळंना,” तो म्हणाला, “पर तुझं मत माझंच व्हतं, येवढं बास झालं.” अनेकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी राजाची फौज किल्ल्याखाली आली. अनेकांतनं दरवाजा उघडला नाही. उलट सरदारावर आलेला भाला त्याच्या वीरानं छातीवर घेतला. निदान इथं तरी फेड व्हावी, एवढीच आशा. फासा पडला, वीर मेला. खेळ संपला तसा ज्ञानूनं डबा उघडून अनेकांतची चिठ्ठी वाचली.

प्रसेनजीतनं त्याला मिठीच मारली. “आयला! चिठ्ठीत राजा, आन मेलास माझ्यासाठी! म्हटलं न्हवतं, ह्यो फितूर व्हायचा न्हाय?”

सांगून टाकावं, असं अनेकांतच्या ओठांवर आलं होतं. पण तो भ्याला, आणि नुसता हसला.

सोमवारी मेसमध्ये नवं छोटं पातेलं आलं. प्रसेनजीतनं ते आचाऱ्याच्या हातून घेतलं आणि त्यातली आमटी अनेकांतला स्वतः वाढली. “संग्राम बरं काम करतोय की. खा, पोटभर खा.”

अनेकांतला ते खाववेना. ताटात टाकलं असतं तर प्रसेनजीतनं कारण विचारलं असतं, म्हणून त्यानं आमटी थेंबही न ठेवता संपवली.

“आवडली न्हवं?” म्हणत प्रसेनजीतनं पुन्हा पळी बुडवली.