चाटूचा उजवा काठ

मी एक चाटू बोलतोय. जैतुनाच्या लाकडाचा, हातभर लांबीचा. नगर शहरात, भिंगारच्या वाटेवरच्या एका दोन खणी घरात चुलीवरच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. माझा उजवा काठ झिजून तिरपा झाला आहे. तो आधी नीट बघून घ्या, कारण माझी सगळी हकीकत त्या काठाची आहे.

उजव्या हाताने ढवळणाऱ्याचा चाटू डाव्या काठाने झिजतो. डावखुऱ्याचा उजव्या. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना हे न शिकवताच माहीत असते.

माझा जन्म इटली देशातला, डोंगरावरच्या एका गावातला. एका म्हाताऱ्याने वठलेल्या फांदीतून मला कोरले आणि त्याच वर्षी तो वारला. मागे उरली त्याची बायको असुंता आणि मुलगा निनो. असुंताची मनगटे आखडली होती, म्हणून टमाट्यांचा तिखट रस्सा रोज निनोच ढवळायचा. तो डावखुरा होता. दांडा अगदी शेंड्याला धरायचा, दोन बोटांत, लेखणी धरावी तसा. नऊ वर्षे त्याने मला पातेल्याच्या बुडावर घासले. हा काठ त्याने झिजवला.

मग लढाई लागली. निनोला रशियाकडे नेले आणि तिकडून एक कागद आला की त्याचा पत्ता लागत नाही. असुंता तरीही रोज दोन थाळ्या मांडायची.

१९४३ च्या हिवाळ्यात तिच्या घरी आपल्याकडचे दोन शिपाई उतरले. दोघेही खेचरांच्या तुकडीतले. एक पाथर्डीकडचा गहिनीनाथ, दुसरा नगरचा दानीएल. पहिल्याच संध्याकाळी दानीएलने मला उचलले, ते डाव्या हाताने. असुंताने आधी दाराकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि ती जमिनीवरच बसली.

त्या दिवसापासून तिने त्याला दुसरे काम करू दिले नाही. आधी तेलात ठेचलेला लसूण. तो पिवळा व्हायच्या आत वाळलेल्या लाल मिरच्या मोडून टाकायच्या. ठसका उठला की टमाटे आणि मीठ. मग मंद जाळावर ढवळत राहायचे, तेल वर येईपर्यंत.

"आईच्या लसणाच्या चटणीचा वास येतोय रं," दानीएल म्हणायचा.

"मला तं रगातावानी दिसतंय," गहिनीनाथ म्हणायचा. "मी न्हाई खात."

"नको खाऊ. तुझं ताट खेचराला देतो. त्याला अक्कल हाय."

दानीएलची मूठ गरम असायची. माझ्या दांड्यात खाली एक गाठीची खळी आहे, तिच्यात तो अंगठा रोवून धरायचा. तिसऱ्या दिवशी गहिनीनाथाला तापाने इस्पितळात नेले. दानीएल बारा दिवस राहिला. तेराव्या दिवशी धुक्यात तो खेचरे घेऊन वरच्या ठाण्याकडे शिधा पोचवायला गेला. संध्याकाळी खेचरे परत आली, ओझी तशीच पाठीवर. दानीएल आला नाही. वर काय झाले ते मी सांगू शकत नाही, मी चुलीपाशी होतो. महिन्याने गहिनीनाथ विचारायला आला, तेव्हा असुंताने मला त्याच्या हातात दिले आणि खुणेने सांगितले, त्याच्या आईला दे.

बारा दिवसांत लाकूड झिजत नाही. हे मी जाणतो. पण मला कोण विचारतो?

१९४६ च्या दिवाळीनंतर गहिनीनाथ मला घेऊन या घरी आला. दानीएलची आई मरियमबाई मुलींच्या एका बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. घरात ती आणि सून रोझी. रोझीचे लग्न होऊन दोन महिने झाले होते तेव्हा दानीएल पलटणीत गेला. दानीएलचा पत्ता लागत नाही, असा पलटणीचा कागद घरी येऊन पडला होता. आता ती तेवीस वर्षांची होती. शाळेतले विल्सन मास्तर तिच्याशी लग्न करायला तयार होते, चर्चचे पाळकही लावून द्यायला तयार होते. फक्त दानीएल गेला असे मरियमबाईने मानायला हवे होते. मृत म्हणून त्याच्या नावाची उपासना करू म्हटले की ती उठून आत जाई, आणि तिने हो म्हटल्याशिवाय रोझी पाऊल उचलणार नव्हती.

गहिनीनाथाने सोबत त्याच्या आईने केलेले सरगुंडे आणले होते. काडीवर पिठाची वळी गुंडाळून वाळवतात, ते पोकळ सरगुंडे.

"मावशे, तिकडं बी असंच करत्यात," तो म्हणाला. "आन वर तिखट लाल रस्सा."

"सरगुंड्यावर तिखट? लोक गुळवणी घेत्यात."

"करून तं बघा. मी पैल्यांदा नाक मुरडलं. आता आमच्या घरी करून दे म्हणून म्हातारीला तरास देतो."

मरियमबाईने कल्हईचे पातेले चढवले, करडईचे तेल घातले. ठसक्याने तिघेही खोकले. मग तिने मला हातात घेतले आणि थांबली. माझ्या काठावरून तिने बोट फिरवले, एकदा, दोनदा.

"किती दिस हुता तो त्या बाईकडं?"

"ठावं न्हाई मावशी. मी इस्पितळात गेल्तो."

"बोर्डिंगातला माझा चाटू एवढा झिजायला सहा वर्सं लागली." तिचा आवाज अगदी साधा होता. "ही झीज डावऱ्याची हाय. माझा दानीएल तिथंच हाय. त्या बाईला रांधून घालतोय. तिनं त्याला ठिवून घेतलंय."

चाटू महिन्याभरातच आपल्या हाती आला होता, हे गहिनीनाथाच्या तोंडून निघाले नाही; तो खाली बघत राहिला. रोझीच्या हातातली मिठाची वाटी तशीच हातात राहिली.

पुढच्याच रविवारी मरियमबाईने पाळकांना सांगितले, उपासना नको, मुलगा जिता हाय. विल्सन मास्तरांनी या वाटेने येणे सोडले. माझ्या काठाने त्या मुलीला बांधून घातले, आणि मी खिळ्याला लटकून ते बघत होतो.

दर शनिवारी संध्याकाळी तो रस्सा व्हायचा आणि तीन ताटे मांडली जायची. आधी मला वाटले, जाळ कमीजास्त होत असेल. मरियमबाई मला एका बाजूने फिरवायची आणि रस्सा उलट्या बाजूने फिरायचा. ती म्हणायची, "आज हात जड झालाय गं." माझ्या दांड्याच्या शेंड्याशी मला गार वाटायचे. चूल पेटलेली असताना.

जानेवारीतली गोष्ट. मरियमबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत होती. रोझी ढवळत होती. मीठ घ्यायला तिने मला पातेल्यात सोडले आणि वळली. परत बघते तो मी फिरत होतो. सावकाश, बुडाला घासत, डावीकडून येणाऱ्या हाताने फिरवावे तसा.

ती ओरडली नाही. मिठाची वाटी खाली ठेवून तिने पदराने ओठ पुसले आणि मी थांबेपर्यंत उभी राहिली. मग मला धुऊन, शाळेच्या जुन्या वहीवर ठेवून पेन्सिलीने माझी आकृती काढली. खाली तारीख घातली. दर महिन्याला ती तशी आकृती काढत गेली. अशी पाच पाने झाली.

मे महिन्यात एका दुपारी तिने ती पाने सासूपुढे मांडली.

"आत्याबाई, हे जानेवारीचं. हे आजचं. उजवा काठ बघा."

मरियमबाईने पाने एकावर एक धरून दारातल्या उजेडात नेली. पाच महिन्यांत माझा उजवा काठ जोंधळ्याच्या दाण्याइतका आत गेला होता.

"डावा काठ हाय तसाच हाय," रोझी म्हणाली. "तुम्ही उजव्या हातानं ढवळता. मीही. पाच महिने."

"म्हंजी माझा हात लागतच न्हाई म्हण की."

"नाही लागत."

मरियमबाईने पाने पुन्हा एकदा काठाला काठ लावून पाहिली.

"म्हंजी तो तिकडं न्हाई," मरियमबाई म्हणाली.

"नाही आत्याबाई."

"कवा आला गं?"

"ते मला माहीत नाही."

"सांगितलं बी न्हाई मला. लहानपनी बी असाच, मागच्या दारानं यायचा." तिने पाने घडी करून पवित्र शास्त्राच्या पुस्तकात ठेवली. मग तोंडावर पाणी मारून आली. "विल्सनला म्हनावं, शनिवारी जेवायला ये. त्याला तिखट सोसतं का बघू."

जूनमध्ये उपासना झाली, दानीएलचे नाव वाचले गेले. महिन्याभराने रोझीचे लग्न झाले. निघताना तिने मला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

आता घरात मरियमबाई एकटीच असते. शनिवारी ती फोडणी देते, मला पातेल्यात सोडते आणि पाटावर बसून राहते. मी फिरतो. ती बोलत असते, "मीठ बघ रं. आंबट झालं आसंल तर गुळाचा खडा टाक." तिचा चेहरा शांत असतो. मी तिला जे सांगत नाही, ते तुम्हाला सांगतो.

दानीएल अंगठा खळीत रोवून धरायचा. आज जो हात मला धरतो, तो शेंड्याला धरतो. दोन बोटांत, लेखणी धरावी तसा. नऊ वर्षे मला पातेल्याच्या बुडावर घासणारा तो हात माझ्या ओळखीचा आहे. रशियाच्या बर्फातून निघालेला तो मुलगा आपल्या आईच्या रश्श्याच्या वासावर चालत आला आणि इथे पोचला. दुसऱ्याच्या आईने हाक मारली, तो बसला.

तुमच्यापैकी कोणी कधी त्या डोंगरावरच्या गावात गेलात, तर असुंताच्या दारात थोडे थांबा. तिला सांगा, तुझा निनो नगरला आहे, उपाशी नाही. आणि एवढे माझ्यासाठी करा. तिच्या चुलीवर पातेले असेल. त्यात माझ्या जागी दुसरा कुठला चाटू असेल. त्याच्या दांड्यावर, खाली, अंगठा रोवावा एवढी खळी पडू लागली आहे का, ते बघून या.

मरियमबाईला सांगायचे की नाही, ते मग ठरवू.