ठिणग्यांचे डाग

“हे कोण हो, भाऊ?” वेल्डरच्या बायकोनं विचारलं.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचाच नवरा होता, गेल्या महिन्यात गेलेला. चेहरा नीट दिसेल असा त्याचा एकच फोटो उरला होता, तोही अंधुक उजेडात मोबाइलवर काढलेला, वर रवा सांडल्यासारखा ठिपकेदार. तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता.

फोटो साफ करणाऱ्याला स्टुडिओत सगळे इस्त्रीवाला म्हणत, कारण त्याच्या हाती चेहरा गेला की सुरकुती म्हणून राहायची नाही. नुसतं काय, कुणीही पुसेल! डोळ्यांची कड, मिशीचा केस न् केस, कॉलरची शिवण जागच्या जागी ठेवून मधला खरखरीतपणा तेवढा काढायचा, यात त्याचा हातखंडा होता. आज तर तो स्वतःवरच खूश होता.

“तेच आहेत की, वहिनी. बघा ना, मिशी कशी स्वच्छ आलीय.”

“मिशी त्यांचीच आहे. पण ठिणग्या कुठे गेल्या?”

“ठिणग्या?”

“वेल्डिंगच्या. गालावर, कपाळावर बारीक बारीक डाग होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, तोंडावर तीळ सांडलेत की काय!”

इस्त्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोचे ठिपके समजून त्यानं माणसाचेच ठिपके काढून टाकले होते. त्यानं मूळ फोटो उघडला. पुन्हा सगळीकडे ठिपकेच ठिपके. त्यातले फोटोचे कुठले आणि माणसाचे कुठले, हे त्याला काय कप्पाळ कळणार?

“वहिनी, जरा इथे बसा. तुम्ही सांगाल ते ठेवतो.”

तिनं स्टूल पुढे ओढलं.

“हा ठेवा. हा शाळेचं फाटक करताना उडालेला. हा नको, हा फोटोचा. हे दोन्ही ठेवा. आणि हा! चष्मा न लावता बसले होते कामाला, केवढी बोलले होते मी त्यांना.”

बोलता बोलता ती हसलीसुद्धा. सुरकुत्या काढण्यात हयात गेलेला माणूस आज एकेक डाग जपून ठेवत होता.

डाव्या कानाखाली तिचं बोट थांबलं.

“हा?” त्यानं विचारलं.

ती पुढे वाकली. मागे सरकून पाहिलं. पुन्हा वाकली.

“आठवत नाही हो, भाऊ,” ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना.

इस्त्रीवाल्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

“असू द्या,” तो म्हणाला. “त्यांचाच असेल.”