डब्यात उरलेली भाकर

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा डबा आहे. अंगावर पोचे आहेत म्हणून हसू नका. डॉक्टर झालेल्या एका पोरीला मी शिकताना जेवू घातलंय, समजलं?

चौऱ्याऐंशी साली टेंभुर्णीच्या बाजारात दुर्गाबाईंनी मला घेतलं. शेत भरपूर, पोटी लेकरू नाही. त्यांच्या जावेनं पोटातलं दुखणं लाजेपायी पुरुष डॉक्टरला कधी सांगितलं नाही आणि त्यातच ती गेली. तेव्हापासून दुर्गाबाईंनी मनात घेतलं होतं, की गावात बाईमाणसाला बाई डॉक्टर पाहिजे. त्यांचा सालगडी कचरू. त्याची लेक बेबीनंदा दहावीला शाळेत पहिली आली, अन्‌ कचरू लागला तिच्यासाठी स्थळं बघायला. दुर्गाबाई त्याच्या अंगणात जाऊन म्हणाल्या, "खर्चा माझा, पोरगी तुझी, अन्‌ डॉक्टर साऱ्या गावाची. मंग झालं?"

बेबीनंदा जालन्याला सायन्सला गेली, स्टँडजवळ खोली घेऊन राहिली. मग माझी नोकरी सुरू झाली. सकाळी दुर्गाबाई मला ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा असं गच्च भरून कंडक्टर मच्छिंद्रभाऊंच्या हवाली करायच्या. त्यांच्या सीटखाली मी ऐटीत बसायचो. माझं तिकीट त्यांनी कधी फाडलं नाही. जालन्याच्या स्टँडवर बेबीनंदा वाट बघत असायची. संध्याकाळच्या गाडीनं मी परत.

इथंच घोळ झाला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. बेबीनंदाच्या खोलीत काय असणार? म्हणून ती एक भाकर माझ्यातच ठेवायची. इकडे दुर्गाबाई झाकण उघडून म्हणायच्या, पोरीला जास्त होऊन राह्यलं वाटतं. दुसऱ्या दिवशी एक भाकर कमी. तरी एक परत यायचीच. मग आणखी एक कमी. मी कडी वाजवायचो, झाकण हलवायचो, पण माझं कोण ऐकतंय! पोरगी अर्धपोटी झोपायची आणि मला फार वाईट वाटायचं.

बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि बेबीनंदा कॉलेजात चक्कर येऊन पडली. कचरू म्हणाला, पोरीच्या जिवाला शिकणं झेपत न्हाई, घरी आणतो. तो गाडीत बसला. मला मांडीवर घेऊन दुर्गाबाईही बसल्या. खोलीवर पोचताच त्यानं पोरीच्या पुस्तकांचं गाठोडं बांधलं. दुर्गाबाईंनी तोवर तिला समोर बसवून वाढलं. तिनं भराभरा खाल्लं आणि शेवटची भाकर गुपचूप माझ्यात ठेवली.

"ती का ठेवली गं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मोठीमाय, रिकामा डबा कसा पाठवू? घालायला माझ्याजवळ दुसरं काय हाय?"

दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ती भाकर मोडली आणि घास तिच्या तोंडाशी नेला. "येडी गं येडी. रीतभात शेजाऱ्यापाजाऱ्याची. लेकीचा डबा रिकामाच येत असतो."

कचरूनं तोंड फिरवून डोळे पुसले. मग खाली बसून त्यानं स्वतः बांधलेलं गाठोडं सोडलं.

तेव्हापासून मी रिकामा परत यायचो आणि दुर्गाबाई मला उलटा करून झटकून बघायच्या. मला त्याचा कोण आनंद! पोरगी पास झाली, औरंगाबादला डॉक्टरकी शिकली आणि तिनं गावात दवाखाना टाकला. डोक्यावरचा पदर सावरत बाया तिच्याकडे येतात आणि मन मोकळं करून बोलतात. मी मात्र आता फळीवर स्टीलच्या डब्यांमागे पडून असतो. कुणी पुसत नाही, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, कुणाच्या शिक्षणाला हात देत असाल तर नुसता डबा धाडू नका, एकदा जाऊन समोर बसा. आणि घेणारे तुम्ही असाल तर भूक लपवू नका. देणाऱ्यानं विचारावं, घेणाऱ्यानं सांगावं. मधल्या डब्याला सगळं ठाऊक असतं, पण त्याला बोलता येत नाही.