आण्णांचा शुक्रवारचा बॅकअप

साखर कारखान्याच्या गोदामातून निवृत्त झाल्यावर आण्णांच्या ताब्यात कुलूप लावण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा सुनेनं त्यांच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला.

सून म्हणजे क्रांती. शाहूपुरीतल्या घरात कांदा-लसूण मसाला करायची आणि इंटरनेटवर विकायची. ऑर्डरी वेबसाइटवर यायच्या. पण कुणाला किती तिखट सोसतं, हे तिनं वर्षानुवर्षं विचारून, प्रसंगी बोलणी खाऊन, स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवलं होतं. नागपूरच्या एका बाईंना रंग कोल्हापूरचा हवा आणि तिखट गुजरातचं. एका वकिलांना जाळ हवा, पण बायकोला कळता कामा नये. धंदा चालायचा तो या शेऱ्यांवर. ते गेले असते तर उरला असता नुसता मसाला, आणि तो काय, कोल्हापुरात कुणीही विकतं.

"दर शुक्रवारी ह्याची नक्कल ह्यात घ्यायची, आण्णा. ईसरायचं न्हाय."

आण्णा विसरले नाहीत. शुक्रवारी अंघोळ करून ते कॉम्प्युटरसमोर बसत. 'गिऱ्हाईक' नावाचं चित्र माऊसनं ओढून ड्राइव्हमध्ये सोडत, तिथंच उघडून बघत. नावं सगळी जागेवर. मग ड्राइव्ह मखमली पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाची किल्ली कडदोऱ्याला. खंडेनवमीला ड्राइव्ह विळी-कोयत्याच्या रांगेत बसे आणि त्याला हळदकुंकू लागे.

एकच गोष्ट खटकायची. ही नक्कल डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायची. कारखान्यात एखादा ट्रक इतक्या झटपट रिकामा झाला, तर तो मुळात रिकामाच आलेला असायचा. मग एवढी गिऱ्हाइकं एवढ्या घाईनं जातात तरी कुठं? विचारायची सोय नव्हती. गल्लीत आण्णांचं नाव दोनच गोष्टींसाठी होतं: एक बॅकअप, आणि दुसरं, घरातला सगळ्यात जहाल मसाला खाऊन वर नुसतं कपाळ पुसणं.

दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला तोहिद नवं मशीन घेऊन आला. जुनं पुसून शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर बसवायचं होतं.

"वैनी, जुनं पुसतो बघा. बॅकअप हाय न्हवं?"

"आण्णांकडं हाय की. येकवेळ सरकारचा चुकंल, आण्णांचा न्हाय."

आण्णांची छाती फुगली, आणि नेमका तेव्हाच तो रिकामा ट्रक त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहिला.

"थांब रं! आधी ह्या नव्यात उघडून दाव."

"आन् कशाला?"

"बघायचंय मला, एवढी मान्सं एवढ्याशा डबीत बसल्यात कशी."

"आण्णा, उगं खोड काढू नगासा," क्रांती वैतागली. "पार्सलवाला यील आता."

आण्णा हलले नाहीत. जुन्या मशीनवर हात टेकून उभे राहिले. गोदामाच्या दारात राहायचे तसे. तोहिदनं सुस्कारा सोडला, ड्राइव्हवर फुंकर मारून नवमीचं कुंकू उडवलं आणि तो नव्या मशीनला लावला. 'गिऱ्हाईक'वर क्लिक केलं. पुन्हा केलं. असलं काही आपल्याकडं नाही, असं मशीननं नम्रपणे कळवलं.

"आण्णा, ह्यो नुसता शॉर्टकट हाय. माल त्या जुन्याच्या पोटात, आन् तुमी दर शुक्रवारी दारावरची पाटी तेवढी कपाटात ठेवताय."

"पर उघडत हुतं की रं!"

"घरात बसून घराचा पत्ता इचारला तर घावनारच की."

क्रांतीनं जुन्या मशीनकडं बघितलं. "मी पुसा म्हननार हुते," ती म्हणाली. मग आण्णांकडं वळून तिनं विचारलं, "तुमास्नी संशय हुता, तर बोलला का न्हाईसा?"

"इचारलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळत न्हाय."

मग खरी नक्कल सुरू झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी उसाच्या बैलगाडीसारखी रखडत चालली, तसतसे आण्णा खुलत गेले. "हां! आता कसं, माल चढतोय!" तोहिदनं एक नक्कल ड्राइव्हवर घेतली, एक इंटरनेटवर ठेवली आणि बजावलं, की दर शुक्रवारी दुकानात यायचं आणि तिथल्या मशीनवर उघडून बघायचं. क्रांती पार्सलवाल्याच्या फोनला उठून गेली.

"आता कुठलंबी नाव घाला, आण्णा. निघतंय का बघा."

आण्णांना पुष्कळ दिवसांचं एक कुतूहल होतं. एका बोटानं त्यांनी स्वतःचंच नाव घातलं. लगेच निघालं.

'आण्णा (घर). रंग भरपूर, तिखट पावपट. डॉक्टरांनी सांगितलंय. कळू द्यायचं नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. तोहिद छतावरचा पंखा निरखत होता.

"तोहिद, ह्यातली एकच ओळ पुसता येती का रं?"

"येती की. पर ती इंटरनेटवरबी हाय, जुन्या मशीनवरबी हाय. आता ती कशानंबी जायाची न्हाय. त्यासाठीच तर क्येलं हे सगळं."

दुपारी ताटात लालभडक रस्सा आला. आण्णांनी भाकरी मोडली, पहिला घास खाल्ला आणि जिभेवर थोडा वेळ घोळवला.

"लई तिखट झालं का, आण्णा?" क्रांतीनं विचारलं.

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि ठणठणीत कोरडं कपाळ सावकाश पुसलं.

"जाळ हाय, जाळ!" ते म्हणाले. "वाढ आणि वाईच."