नाहीदने बांधलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला जुना म्हणणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

कारखान्यातल्या जन्माविषयी सांगण्यासारखे काही नाही. तिथून मी एका कचेरीत गेलो. पहिल्या दिवशी मला हार घातला. पुढे साहेब माझ्यावर पत्ते खेळू लागले आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. अकरा वर्षांनी माझी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने तिला सुधारणा पाठवणे बंद केले. तेवढे निमित्त पुरले. ज्यांना मला कधी नीट चालवताही आले नाही, त्यांनी मला कालबाह्य ठरवले आणि आलापल्लीजवळच्या एका जंगलातल्या गावाच्या ग्रामसभेला देऊन टाकले. याला ते मदत म्हणत.

त्या गावच्या धुरपताबाईंना गोंडी शब्द जमा करायचे होते. झाडांची, कंदांची, पाखरांची नावे आपल्या पिढीबरोबर जातील, ही त्यांची काळजी. आलापल्लीत संगणक दुरुस्त करणाऱ्या नाहीदने त्यांच्यासाठी शब्दकोशाचा एक मुक्त प्रोग्रॅम शोधला. मुक्त म्हणजे त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचे मूळ लिखाण, कोणीही घ्यावे, बदलावे, वाटावे. पण तो माझ्यावर चालेना. तिने तो सांभाळणाऱ्या मंडळींना विचारले. एका ओळीचे उत्तर आले : जुन्या सिस्टिमसाठी आम्ही काही करत नाही, नवे यंत्र घ्या. हे सांगायला फार बुद्धी लागत नाही.

नाहीद म्हणाली, "बाई, कोड तं आपल्यापाशी आहे. इथीच बांधून पाहू."

बांधणे म्हणजे त्या कोडमधून माझ्यावर चालेल असा प्रोग्रॅम तयार करणे. मग ती रोज दुपारी येई. पहिल्या बांधणीत चारशेवर चुका निघाल्या. प्रोग्रॅमला लागणारे नवे भाग माझ्याकडे नव्हते. तिने एकेकाच्या जागी जुने बसवले. जिथे जुनेही नव्हते, तिथे स्वतः लिहिले. मी तापून बंद पडलो की ती माझी धूळ काढी, थांबे आणि पुन्हा सुरू करी. दीड महिन्याने एकही चूक आली नाही. धुरपताबाईंनी पहिला शब्द सांगितला, 'एर', म्हणजे पाणी. तो माझ्या पडद्यावर उमटला. बाईंनी लगेच दुसरा सांगायला घेतला.

नऊशे शब्द झाले तेव्हा तालुक्याहून गुणवंतराव आले, भंगार संगणक गोळा करायला. मला हात न लावताच म्हणाले, "हा डब्बा गाडीत टाका. कंपनीनं सोडला, तं आता याच्यात काय ठेवलं?"

"कंपनीनं सोडला. आमी नाई सोडला," धुरपताबाई म्हणाल्या. "आमचे शब्द आहेत त्यात. पाहून घे भाऊ, मंग ने."

गुणवंतराव नाइलाजाने बसले. नाहीदने शब्दकोश उघडला. त्यांनी चार शब्द शोधले, चारही मिळाले. मग हळूच म्हणाले, "गोळा केलेले असे वीस डब्बे पडून आहेत माह्यापाशी. या प्रोग्रॅमची कॉपी भेटन का?"

मला वाटले, आता नाहीद याला हाकलणार. पण तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "घ्या ना भाऊ. कोणाले नाई म्हणासाठी हे बनवलंच नाई."

मित्रांनो, तिच्याएवढे मोठे मन माझे नाही. त्या माणसाविषयी माझे मत अजून तसेच आहे. पण तुमच्या घरी कोपऱ्यात एखादे यंत्र पडले असेल, तर टाकण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि ते एकदा चालवून बघा. तेवढे अखेर गुणवंतरावांनाही जमले.