ढिली टांगलेली वाकळ

मित्रांनो, जत्रेत फुगे फोडायला बंदूक उचललीत की तुमचं सगळं लक्ष फुग्यांवर असतं. फुगा फुटला की शाबासकी तुम्हाला, बक्षिसाचा साबण तुम्हाला. पण फुग्यांच्या मागे एक निळी, मळकी, भोकाभोकांची वाकळ लोंबत असते. तिच्याकडे कोण बघतो? ती मी. मी जुनी आहे आणि आयुष्यभर मार खात आले आहे. तक्रार नाही. माझा धंदाच तो.

माझा जन्म उल्हासनगरचा. तिथे कॅम्प पाचमध्ये जयदेवशेठ नावाच्या सिंधी माणसाचा जीन्सचा कारखाना होता. चामटोली गावची वेणू तिथे धागे कापायच्या कामाला जायची. जीन्स बाजारात जायच्या आणि कात्रणं कोपऱ्यात साचायची. शेठ रोज ओरडायचे, "वेणूबाई, ये कचरा उठाओ, जगह खाली करो!" एक दिवस वेणूनं तो कचरा उचलला आणि थेट घरी नेला. जीनच्या कापडाचे थर, मध्ये जुनी लुगडी, असं रचत रचत तिनं मला शिवलं. मी इतकी जड झाले की वेणूचा नवरा हिरामण मला अंगावर घेऊन म्हणाला, "अगं, ही पांघरून माणूस झोपायचा का दबून मरायचा?"

"मरत नाय तुमी. नुसती बडबड," वेणू म्हणाली.

पांघरूण म्हणून मी नापास झाले. मग हिरामणनं मला कामाला लावलं. त्याचा फुग्यांच्या बंदुकीचा स्टॉल. अंबरनाथला शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीची जत्रा भरते, तिथे तो दरवर्षी ठरलेल्या जागी उभा राहायचा. पुढे बाकडं आणि त्यावर बंदूक, मागे बांबूची चौकट, चौकटीला फुग्यांच्या रांगा आणि रांगांमागे मी. वरच्या बांबूला बांधलेली, खाली मोकळी. बंदुकीतून सुटलेला छर्रा फुगा फोडून किंवा फुगा चुकवून माझ्याकडे यायचा. मी जरा मागे हलायचे, त्याला पोटात घ्यायचे आणि खाली सोडून द्यायचे. थकलेल्या मुलासारखा तो माझ्या पायाशी पडून राहायचा.

तिथे टांगल्या टांगल्या मी माणसं बघितली. ज्याचं नुकतंच लग्न ठरलं आहे तो नेम धरताना फुग्याकडे कमी आणि शेजारी जास्त बघतो. साहेब माणसाचा नेम चुकला तर दोष बंदुकीच्या नळीचा, लागला तर हात साहेबांचा. सगळ्यांत पक्का नेम भाजी आणायला निघालेल्या बायकांचा. सटासट फुगे फोडतात, वर म्हणतात, "अय्या, चुकून लागलं!" नळी थोडी डावीकडे ओढते हे हिरामणला ठाऊक होतं. ते तो फक्त लहान मुलांच्या कानात सांगायचा. मोठ्यांना नाही. मोठ्यांनी चुकावं, त्यावर घर चालायचं.

पुढे त्या दोघांच्या घरात आणखी एक भर पडली. त्यांची मुलगी प्राची बदलापूरला सासरी गेली आणि तिला चिमी झाली. जत्रेच्या दिवसांत चिमी आजोबांच्या स्टॉलवर यायची. तोंडानं फुगे फुगवायची, अर्धी हवा फुग्यात, अर्धी थुंकी. हिरामणला आता स्टॉलमधून फार काही सुटत नव्हतं. वेणू म्हणायची, "बंद करा आता, गुडघे दुखतात तुमचे." तो म्हणायचा, "पोर येते ना दरवर्षी." स्टॉल चालू होता तो चिमीसाठी, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

मग गेल्या जत्रेला कल्पेश आला. हा हिरामणच्या बहिणीचा मुलगा. पोरगा मायाळू, पण गप्प बसला तर त्याला ताप येतो.

"मामा, ही गोधडी काढ ना यार. एकदम गरीब दिसते. पत्रा लावू, चकाचक! गोळी लागली की ठण्ण आवाज येईल. पब्लिक रील काढेल."

हिरामणला 'गरीब' हा शब्द लागला. पत्रा आला. त्यावर लाल रंगात 'हिरामण शूटिंग पॉइंट' अशी अक्षरं आली. माझी घडी घालून स्टुलावर ठेवली आणि त्या घडीवर मालक बसले. इतकी वर्षं मी ज्याचं दुकान सांभाळलं, त्याचं वजनही आता मीच सांभाळत होते.

आवाज मात्र खरंच झकास होता. ठण्ण! फुगा चुकला तरी माणूस खूश. गर्दी वाढली. मी खालून ऐकत होते आणि मला एक गोष्ट खटकत होती. ठण्ण झाल्यावर छर्रा पडल्याचा आवाज पत्र्याच्या पायाशी येत नव्हता. तो भलतीकडून येत होता.

पहिली खबर शेजारून आली. श्यामकांत खाजेवाला मिठाईची परात घेऊनच आला.

"हिरामणदादा, तुमचा माल माझ्या परातीत येतोय. बोला, खाज्यात धरून विकू का वेगळा तोलू?"

"कुणाच्या चपलेनं उडाला असंल रे," हिरामण हसला.

"चपलेनं? माझी परात कमरेइतकी उंच आहे. कोण उंट आला होता का?"

सगळे हसले. हसण्यात ती गोष्ट विरून गेली. थोड्या वेळानं एक कॉलेजचा मुलगा मित्राचं शूटिंग करत होता. त्याच्या मोबाईलच्या काचेवर टच्च झालं आणि काचेला जाळी पडली. मोबाईल त्यानं अगदी तोंडासमोर धरला होता. "फोन गेला यार!" म्हणून तो हळहळला. फोन नसता तर काय गेलं असतं, याचा हिशेब त्यानं केला नाही. हिरामणनंही केला नाही. त्यानं बंदुकीला दोष दिला. मग छऱ्यांच्या डबीला दिला. पत्रा तेवढा निर्दोष सुटला.

संध्याकाळी चिमी आजोबांना चिकटून माझ्यावर बसली होती. जत्रेतला गुलाबी गॉगल तिनं कपाळावर चढवला होता, हिरॉइनसारखा. एका गिऱ्हाइकानं चाप ओढला. ठण्ण! आणि त्याच क्षणी चिमीच्या कपाळावर चट्ट आवाज आला. गॉगलची काच मधोमध तडकली. छर्रा टुणकन माझ्या घडीत पडला.

दोन बोटं खाली चिमीचा डोळा होता.

"माझा गॉऽगल!" चिमीनं भोकाड पसरलं. ती गॉगलसाठी रडत होती आणि तिच्याभोवतीची मोठी माणसं दगड झाली होती. प्राचीनं तिला उचललं, चेहरा चाचपला, पुन्हा चाचपला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, चिमी पुन्हा या स्टॉलवर येणार नाही."

"अगं, इतक्या वर्षांत कुणाला खरचटलं पण नाय..."

"आज वाचली. मला तेवढं बस झालं."

ती गेली. हिरामणनं गिऱ्हाइकाच्या हातातली बंदूक घेऊन खाली ठेवली आणि माझ्यावर बसला. माणूस बसल्यावर किती जड आहे हे वाकळीला कळतं. त्या दिवशी तो फार जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू नेहमीसारखी रांगोळीचा डबा घेऊन आली. स्टॉल उघडण्याआधी बाकड्यापुढे ती रोज रांगोळी काढते. पण आज तिनं रेघ मारलीच नाही. पत्र्यापासून बाकड्यापर्यंत आणि बाकड्याच्याही पुढे, सगळ्या जमिनीवर पांढरा थर पसरला.

"सांडली का काय?" हिरामणनं विचारलं.

"सांडली नाय, पसरली. हा शेतावर फवारणीला लावतात तो चष्मा लावा आणि मारा. मी आडोशाला उभी राहते. छर्रा कुठं पडतो ते आता जमीन सांगंल."

त्यानं काही छर्रे मारले. रांगोळीवर टिंबं उमटली, देवीचे व्रण उठावेत तशी. काही पत्र्याजवळ, काही मध्ये, काही थेट बाकड्याच्या पलीकडे, काल चिमी बसली होती तिथे. हिरामण वाकून बघत राहिला.

वेणूनं स्टुलावरून मला ओढलं. कल्पेशनं अपराध्यासारखं धावत येऊन पत्रा उतरवला आणि मला चौकटीवर चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून तंबूसारखं ताणलं. "मामी, सुरकुत्या नको, फोटोत बऱ्या दिसत नाय." पुन्हा रांगोळी, पुन्हा छर्रे. या वेळी टिंबं बाकड्याच्या पुढे गेली नाहीत, पण निम्म्या वाटेपर्यंत आलीच. ताणलेली असताना मी कुणाला पोटात घेणार? मीही त्यांना उडवतच होते.

वेणूनं कपाळावर हात मारला. "कल्प्या, तुझ्या आयनं तुला झोळीत झोपवला होता ना? झोळी अशी ताठ बांधली असती तर तू उसळून अंगणात पडला असतास. ढिली सोड तिला!"

खालचे खिळे निघाले. मी सैल झाले, माझ्या अंगाला सुरकुत्या पडल्या, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पुढची सगळी टिंबं माझ्या पायाशी एका ओळीत उमटली.

हिरामणनं प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, फोनवर मला काय दिसणार?" पण दुपारी आली. एकटीच. हिरामणनं वाद घातला नाही, शपथा घेतल्या नाहीत. त्यानं नवी रांगोळी पसरली, तिला चष्मा दिला, बंदूक दिली आणि म्हणाला, "तूच मार. पाहिजे तिथून, पाहिजे तेवढे छर्रे."

लहानपणी प्राचीच्या कानातही त्यानं नळीचं गुपित सांगितलं होतं. पण आज तिला फुगे फोडायचे नव्हते. ती मुद्दाम फुग्यांच्या मधून, कडेनं, खालून, माझ्यावरच मारत होती. एवढ्या रागानं मला कोणी मारलं नसेल. मी एकेक झेलला आणि पायाशी ठेवला. मग ती बाकड्याजवळ उकिडवी बसली आणि जमीन नीट बघितली. तिथली पांढरी रांगोळी कोरी होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "तरी जो बंदूक हातात घेईल त्याला चष्मा. बघणाऱ्यांनासुद्धा. आणि बाकड्याला लागून आडवी दोरी बांधा, बंदूक चालू असताना तिच्या आत कुणीही नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"बरं," हिरामण म्हणाला. जावयाला मुलगी देतानाही त्यानं इतक्या अटी मान्य केल्या नव्हत्या.

एमआयडीसीत कामगार वापरतात तसले पारदर्शक चष्मे कल्पेश पिशवीभर घेऊन आला. लहान मापाचा मिळेना, म्हणून वेणूनं एकाला परकराची नाडी बांधली. संध्याकाळी गर्दीतून प्राची येताना दिसली. तिचा हात धरून चिमी येत होती. हिरामण एकदम उठला आणि आधीच पक्की असलेली दोरी उगाच पुन्हा ताणू लागला.

थोड्या वेळानं एक पोट सुटलेले गृहस्थ आले. बंदूक उचलून म्हणाले, "चष्मा कशाला? फुगा फोडायचा आहे, लढाईला जायचं आहे का?"

जुन्या हिरामणनं हसून सोडून दिलं असतं. या हिरामणनं शांतपणे गृहस्थांच्या हातातली बंदूक काढून घेतली. "साहेब, आमच्याकडं अशी नाय मिळत."

"दुसरीकडे जाईन मी!"

"जावा," हिरामण म्हणाला. "तिथं पण मागं काय टांगलंय ते बघून मारा."

मित्रांनो, माझंही मागणं तेवढंच आहे. नेम चुकला तर चुकू द्या, फुगे काय, जत्रेत पुष्कळ असतात. पण चाप ओढण्याआधी गोळी शेवटी कुठे जाऊन थांबणार, हे विचारा. मागे पत्रा, दगड किंवा भिंत असेल तर ती तुमच्याकडे परत येऊ शकते. आणि माझ्यासारखी एखादी वाकळ टांगलेली दिसली तर तिला ताणू नका, तिच्यावर बसू नका. जत्रा संपली की तिला उन्हात घाला, झटका, उसवलेलं शिवा.

मला या वर्षी चामटोलीच्या अंगणात वाळत घातलं होतं. चिमी माझ्या सुरकुत्यांत बोटं घालून अडकलेले छर्रे वेचत होती आणि प्रत्येक छऱ्याला विचारत होती, "तू कुठे चालला होतास रे?" आतून वेणू ओरडत होती, "हात धू गं आधी, मग लाडू!"